चुलीपासून दोन हात

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी हडपसरच्या मंडईत पावट्याच्या शेंगा निवडत उभी होते. शुक्रवार होता, सकाळचे साडेदहा. “काकू, बाबा गेले... झोपेतच,” एवढंच ती म्हणाली. भाजीवाल्या मावशींनी पिशवी हातात दिली ती मी घेतली, घरी आले, शेंगा सोलायलासुद्धा बसले. मनात पहिला विचार आला तो असा, की उद्या शनिवार आहे. गेली अकरा वर्षं शनिवार म्हणजे रोकडे सर, हे माझ्या आठवड्यात इतकं पक्कं बसलं होतं की माणूस गेल्याचं कळलं तरी वार काही जागचा हलेना. आज दीड महिना झाला. अजून हललेला नाही.

भास्कर रोकडे हे प्रज्ञाचे वडील, माझे एम.ए.चे सर, आणि जन्मभर फुटक्या मडक्यांत रमलेले पुरातत्त्वाचे अभ्यासक. शोकसभेत त्यांना ऋषितुल्य वगैरे म्हटलं गेलं. मला तो माणूस ओळखीचा वाटला नाही. सर चांगलेच तुसडे होते. चहा इतका वाईट करायचे की पाहुणा पुन्हा येताना घरूनच पिऊन येई. कुणी छातीठोकपणे काही सांगू लागलं, अमुक राजानं हे बांधलं, तमुक लोक तिकडून आले, की सर चष्मा कपाळावर चढवून अत्यंत आदरानं विचारत, “आपण होतात का तिथे?” समोरचा त्यानंतर सहसा बोलत नसे. स्तुती मात्र ते जपून वापरत. माझ्या वाट्याला अडतीस वर्षांत ती दोनदा आली, आणि त्यातली एकदा मी केलेल्या मटकीच्या उसळीची होती.

पहिल्या वर्षी वर्गात त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले आणि एकेकाच्या हातात एक जड दगड ठेवला. माझी पाळी आली तेव्हा मला तो नकोसा वाटला, गार आणि ओबडधोबड. मग बोटं जरा सरकली आणि अंगठा आपोआप एका खोलगट जागेत जाऊन बसला. ती हातकुऱ्हाड होती, एका नदीच्या पात्रात मिळालेली, लाखो वर्षांपूर्वीची. जिनं किंवा ज्यानं ती घडवली ते प्राणी अजून आपल्यासारखी माणसंही झाले नव्हते, पण अंगठा आपल्याच जागी ठेवत होते. सर काही समजावत बसले नाहीत. “अंगठा बसला का?” एवढंच विचारलं आणि दगड पुढच्या मुलाच्या हातात दिला. मी शेतकऱ्याची मुलगी. खुरप्याच्या मुठीवर माझ्या आईच्या अंगठ्याचा खळगा पडलेला होता, तो मला तिथे बाकावर बसल्या बसल्या आठवला. हाच विषय पुढे चालू ठेवायचा की नाही ही घालमेल त्या दिवशी संपली.

त्या वर्षाच्या हिवाळ्यात आम्ही त्यांच्याबरोबर उत्खननाला गेलो. पुण्यापासून एसटीने चार तासांवर, नदीकाठचं एक टेकाड. आपल्याकडे गावाच्या जुन्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी. राख, शेण, भिंतींची माती, असं पिढ्यान्पिढ्या साचून वस्तीची माती पांढुरकी होते, हे मला घरातूनच माहीत होतं. पण त्या पांढरीच्या पोटात साडेतीन हजार वर्षांपूर्वीची घरं असतात हे माहीत नव्हतं. कुडाच्या भिंती, चोपलेली जमीन, मधोमध चूल. शिकार, मासेमारी चालूच होती, पण ही माणसं पेरू लागली होती, एका जागी थांबू लागली होती. जमिनीची माती पाण्यात कालवली की जळके दाणे वर तरंगत. मी तळहातावर चार काळे दाणे घेऊन म्हटलं, ज्वारी आहे. सर म्हणाले, “आपण पेरली होतीत वाटतं?” ते सातू निघाले.

माझ्या वाट्याला दोन शेजारशेजारची घरं आली होती. एकात मोठी गोल चूल होती, दुसऱ्यात धान्य साठवायचं पेव. आम्ही त्यांना चुलीचं घर आणि पेवाचं घर म्हणायचो. हंगामाच्या शेवटी, एप्रिलच्या उन्हात, चुलीच्या घराची जमीन खरवडताना खालून मडक्याची राखाडी गोल कड दिसली, मग त्याच्या तोंडाला तोंड लावून ठेवलेलं दुसरं मडकं. सरांनी सगळ्यांना बाजूला केलं आणि स्वतः ब्रश घेऊन पालथे पडले. आत अगदी लहान बाळाची हाडं होती, पाखराची असावीत इतकी बारीक. ते लोक तान्ही मुलं गेली की अशी दोन मडक्यांत घालून घरातल्या जमिनीखालीच ठेवत. त्याच दिवशी पेवाच्या घरातही तशीच एक जोडी सापडली.

संध्याकाळी सगळे नदीवर हातपाय धुवायला गेले आणि सर त्या खड्ड्याच्या कडेला बसून राहिले. मी ब्रश धूत होते. ते माझ्याशी बोलत होते की स्वतःशी हे मला आजही नीट सांगता येणार नाही. ते सहा वर्षांचे असताना त्यांची धाकटी बहीण गेली होती, पाच महिन्यांची. “आमचं घरच गावाबाहेर, आणि तिची जागा आमच्याही बाहेर, ओढ्याकाठी. पुढच्या पावसाळ्यात ओढ्यानं काठ खाल्ला. आई कितीतरी दिवस जागा शोधत फिरायची.” मग त्यांनी मडक्याकडे पाहिलं. “या बाईनं बघ... बाळाला उंबरा ओलांडू दिला नाही.” त्यांच्या घरच्यांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म स्वीकारला, वडील त्यांना शिकवायला पुण्याला घेऊन आले, कसब्यात कुंभारवाड्याजवळ एका खोलीत बिऱ्हाड मांडलं, हे सगळं मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. ओढ्याची गोष्ट मात्र त्यांनी पुन्हा कधी काढली नाही.

आता माझी चूक सांगते. उत्खननात सापडलेल्या प्रत्येक वस्तूला तिथल्या तिथे चिठ्ठी बांधायची असते: कुठलं घर, किती खोल, कोणता दिवस. चिठ्ठी हा वस्तूचा पत्ता. ती गेली की वस्तू कितीही सुंदर असो, ती कुठली हे कुणी सांगू शकत नाही आणि अहवालात तिला जागा राहत नाही. दुसऱ्या दिवशी फोटो, आकृत्या झाल्यावर दोन्ही जोड्या मी उचलल्या आणि बाभळीखाली आणून ठेवल्या. सुतळी संपली होती, म्हणून चिठ्ठ्या नुसत्या दगडाखाली दाबल्या आणि पाणी प्यायला गेले. तेवढ्यात वावटळ आली. परतले तर दोन्ही चिठ्ठ्या भुईमुगाच्या रानात उडालेल्या. मी धावत जाऊन त्या पकडल्या आणि आठवेल तशा पुन्हा लावल्या. संध्याकाळी सरांनी विचारलं, “पक्कं?” मी म्हटलं, “पक्कं, सर.”

ते पक्कं नव्हतं. फोटोत दोन्ही जोड्या सारख्याच राखाडी, सारख्याच गोल, अर्ध्या मातीत. एका जोडीतल्या एका मडक्याच्या काठाचा तळहाताएवढा तुकडा गेलेला होता, पण ती बाजू खालच्या अंगाला होती, फोटोत येणं शक्य नव्हतं. फुटक्या काठाचं बाळ चुलीच्या घरातलं की पेवाच्या, हे जगात फक्त मी सांगू शकत होते आणि मला ते आठवत नव्हतं. तीन दिवस ते पोटात ठेवलं. चौथ्या दिवशी सरांना सांगितलं, तोवर खड्डे बुजवून झाले होते. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी पेन काढलं, नोंदवहीत माझ्या अक्षरातली दोन घरांची नावं खोडली आणि त्याजागी दोनदा ‘घर अज्ञात’ लिहिलं. मग वही मिटता मिटता म्हणाले, “म्हणजे दोघांचाही पत्ता गेला.” त्यांनी मला त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी आजपर्यंत विसरूनही गेले असते.

मी शाळेत शिक्षिका झाले, संसार झाला. सर निवृत्त झाले आणि वर्षभरातच त्यांच्या पत्नी गेल्या. मी भेटायला गेले तर म्हणाले, विद्यापीठातल्या विभागाची परवानगी काढली आहे, खापरांच्या खोलीत जुन्या पेट्या उघडणार आहे, वेळ असेल तर शनिवारी ये. का, ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. दोन्ही घरांच्या जमिनीवरची खापरं पिशव्यांत भरून ठेवलेली होती. त्यांत तो काठाचा तुकडा असेल, आणि तो कुठल्या घराच्या पिशवीत निघतो ते कळलं, तर एका तुकड्यानं दोन्ही बाळं आपापल्या घरी जाणार होती. पण मधल्या काळात खोली दोनदा हलली होती, पिशव्या पेट्यांत कशाही कोंबल्या होत्या. राखाडी खापरं हजारोंनी, आणि सगळी सख्ख्या भावंडांसारखी.

असे आमचे शनिवार सुरू झाले. मी हडपसरहून बस पकडून जायची, ते कसब्यातून चालत यायचे. एक पेटी उघडायची, पिशव्या क्रमानं टेबलावर रिकाम्या करायच्या, एकेक तुकडा त्या मडक्याच्या फुटक्या काठाला लावून पाहायचा. खरा जोड कसा ओळखायचा हे त्यांनी मला पुन्हा नव्यानं शिकवलं. दोन तुकडे जुळवून सांध्यावरून नख फिरवायचं. नख जरासुद्धा अडकलं तर जोड खोटा. आणि एका माणसाचं नख पुरत नाही, हा त्यांचा दंडक. बरेच दिवस शोधणाऱ्याला तो तुकडा सापडायला हवा असतो, त्यामुळे त्याचं नख हावरं होतं. म्हणून नोंद आधी पेन्सिलीनं करायची, पुढे पहिल्या नखाची सही. दुसऱ्या माणसानं नख फिरवून सही केली की मगच शाई.

काम कमी आणि गप्पा जास्त अशाही दुपारी गेल्या. एकदा मी त्यांना आमचं शेत दाखवायला नेलं, म्हणजे जिथे शेत होतं ती जागा. तिथे आता आयटीवाल्यांची काचेची इमारत आहे आणि योगायोग असा की प्रज्ञाची नोकरी तिथेच. सर फाटकापाशी बराच वेळ उभे राहिले. पेरणं नावाचं जे काम त्या टेकाडावरच्या माणसांनी हाती घेतलं होतं ते आमच्या घराण्यात माझ्या वडिलांपाशी थांबलं, असं मी म्हटलं, जरा रडवेली होऊनच म्हटलं. सरांनी बुटाच्या टोकानं पेव्हर ब्लॉक ठोकून पाहिला. “खाली काळी आहे अजून,” म्हणाले, “ती कुठे जात नाही.” मग सिक्युरिटीवाल्यानं आम्हाला हटकलं.

टेकाडावरच्या त्या लोकांची आणखी एक रीत होती. मोठी माणसं गेली की पुरताना त्यांचे पाय घोट्यापासून तोडत. पुस्तकांतून सहसा असं सांगतात की मेलेल्यानं भूत होऊन हिंडू नये, या भीतीनं. सर म्हणत, खरं कारण कुणालाच माहीत नाही. मग एखाद्या शनिवारी पेटी बंद करताना सहज पुढे जोडत, की भीती असेल तर घराबाहेर लांब नेऊन पुरतील ना, घरात, अंगणात कशाला... कदाचित त्यांनी जाऊ नये असं वाटत असेल. तेव्हा मी हसले होते. सहा वर्षांपूर्वी सुधीर, माझे यजमान, हृदयविकाराच्या झटक्यानं अचानक गेले आणि त्यांच्या चपला दारातून हलवायला मला तीन महिने लागले, तेव्हा मला ती माणसं फार जवळची वाटली.

ते तीन महिने मी कुठेच गेले नाही. सर एकदा घरी येऊन गेले, काहीही न बोलता तासभर बसले आणि माझ्याच हातचा चहा पिऊन उठले. मुलगा बंगळुरूला, घरात मी एकटी. दुपारी अंथरुणातून उठायला काही कारण सापडत नसे. शेवटी एका शनिवारी, केवळ तो शनिवार आहे म्हणून, बसमध्ये बसले. खापरांच्या खोलीत सर नेहमीच्या खुर्चीत होते. समोर ते मडकं, काठाला तोच खळगा. मी त्याच्याकडे बघत म्हटलं, “निदान हे तरी आहे, सर. हा तुकडा मिळेपर्यंत मला दर शनिवारी घराबाहेर पडावं लागेल.” मला वाटलं, सर काहीतरी सांत्वनाचं बोलणार, आणि मला ते नकोच होतं. त्यांनी चष्मा पुसला. “पेटी चाळीस आणि एकेचाळीस मी एकट्यानं पाहिल्या,” म्हणाले. “बेचाळिसापासून शोधू या.”

आणि आम्ही शोधत राहिलो. सहा वर्षं. त्या सहा वर्षांनी मला पुन्हा माणसांत आणलं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती. शेवटच्या शनिवारी पेटी क्रमांक अठ्ठ्याऐंशी होती. सरांचे हात थरथरत होते म्हणून तुकडे मी लावून पाहत होते. निघताना जिन्यात त्यांनी माझा दंड धरला, पाच पायऱ्या उतरल्यावर थांबले आणि म्हणाले, “उसळ करशील का पुढच्या वेळी?” मी करणार होते. पावटा त्यासाठीच घेत होते.

तीन आठवड्यांपूर्वी प्रज्ञानं कसब्यातल्या घरी बोलावलं. सरांची पुस्तकं विभागाला द्यायची होती, डायऱ्यांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. छोट्या, खिशात मावणाऱ्या डायऱ्या, दर वर्षाची एक. खाली कुंभारवाड्यात कुणीतरी मडकी थापटत होतं, तो आवाज खिडकीतून येत होता. मी सुधीर गेले त्या वर्षाची डायरी उचलली. ते घरी येऊन तासभर गप्प बसले होते त्या दिवशी काय लिहिलं असेल, एवढंच मला बघायचं होतं. त्या दिवशी लिहिलं होतं, ‘सुनंदाकडे. बोलता आलं नाही.’ मी पान उलटलं. पुढच्या आठवड्यातल्या एका गुरुवारी, नेहमीच्या बारीक अक्षरात:

‘जोड सापडला. पेटी ४१. चुलीचं घर. म्हणजे फुटक्या काठाचं बाळ चुलीपासून दोन हात. सुनंदाला सांगायचं.’

त्यानंतर दोन महिने त्याबद्दल काही नाही. मग मी परत गेले तो शनिवार. ‘सुनंदा आली. आज नको.’ पुढचा शनिवार, ‘सुनंदा आली. पेटी ४२. जेवली का विचारलं, हो म्हणाली, खोटं वाटलं.’ त्याच्या पुढचा, ‘सुनंदा आली. हसली.’ असं पानापानावर, वर्षावर्षाच्या डायरीत, सुनंदा आली, सुनंदा आली... प्रज्ञानं पाण्याचा ग्लास आणून दिला. मला आधी राग आला, खरं सांगते. अडतीस वर्षं उरावर असलेलं ओझं या माणसाकडे सहा वर्षं उतरवून ठेवलेलं होतं आणि त्यानं ते मला सांगितलं नाही. मग जिन्यावरून उतरताना त्यांचं ‘शोधू या’ आठवलं. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. सापडला नाही असं ते कधीच म्हणाले नव्हते.

गेल्या शनिवारी मी खापरांच्या खोलीत गेले. विभागातल्या मुलीनं किल्ली दिली आणि ती तिच्या कामाला गेली. पेटी एकेचाळीस मी एकदाही उघडली नव्हती, त्यांनी पाहिली म्हणाले म्हणजे पाहिली. वरच कापसात गुंडाळलेला तुकडा होता, चिठ्ठी सुतळीनं दोनदा गाठ मारून बांधलेली. नोंदवही काढली. ‘घर अज्ञात’ या माझ्या जुन्या पापापुढे पेन्सिलीनं ‘चुलीचं घर’ लिहिलेलं, त्याखालच्या ओळीत ‘पेवाचं घर’. पहिलं नख, भा. रो. दुसऱ्या नखाची जागा मोकळी. त्या खोलीत रोज तरुण मुलं येतात-जातात, कुणाचंही नख चाललं असतं. सहा वर्षं ती जागा त्यांनी कुणाला भरू दिली नव्हती.

तुकडा काठाला लावला. अंगठ्याचं नख सांध्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, मग उलट. अडकलं नाही. मी सही केली आणि दोन्ही ओळी शाईनं गिरवल्या. पत्ता मिळायला बाळांना बाभळीखालून इथवर यावं लागलं. मग वाळूची परात ओढून त्यात मडकं बसवलं, कडेला चिकटवायचं सोल्युशन लावलं आणि तुकडा दोन्ही हातांनी दाबून धरला. जोड धरताना पंधरा मिनिटं हात हलवायचा नाही, हा सरांचा आणखी एक दंडक. दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे डोळे पुसता येत नाहीत. शेजारी त्यांची खुर्ची होती, तिच्या पाठीवर त्यांचा खापरं पुसायचा पंचा होता तसाच. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात पंधरा मिनिटं झाली, मग वीस. मी हात काढला नाही.